जुन्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये नेमके काय बदलावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मामांकडून आलेली, १९७० च्या दशकातली क्वाड ईएसएल स्पीकरची जोडी आपल्या ठाण्याच्या घरी आहे आणि इथे येऊन तिला दोन पावसाळे झाले आहेत. डावा स्पीकर उजव्यापेक्षा हळू वाजतो, सुरू केल्यावर त्याचा आवाज भरायला अर्धा तास लागतो आणि पावसाळा लागला की त्याच्या आतून अधूनमधून टिकटिक ऐकू येते. एका तंत्रज्ञाने आतले सगळे कपॅसिटर आणि रेझिस्टर सरसकट बदलायला सांगितले, दुसऱ्याने थेट नवे पॅनेल मागवायला सांगितले. यातले बरोबर कोण आणि हे काम घरी करता येईल का, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यात उच्चदाबाच्या (हाय व्होल्टेजच्या) उपकरणांच्या चाचणीचे काम बरीच वर्षे केले आणि गेली पंचवीस वर्षे असे स्पीकर दुरुस्त करतो आहे. माझ्या मते दोघांचेही सल्ले तपासणीच्या आधी दिलेले आहेत. कोणता भाग बदलायचा हे ठरवण्याआधी स्पीकरमधला चार्ज कुठून निसटतो आहे, हे शोधावे लागते. त्या शोधाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, फक्त दोन संध्याकाळी आणि पुष्कळ सावधपणा लागतो. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे, म्हणून तो आधी नीट मांडतो.

क्वाडचा हा स्पीकर पीटर वॉकर यांच्या हंटिंग्डन इथल्या कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणला आणि तो १९८५ पर्यंत बनत राहिला. त्यात नेहमीच्या स्पीकरसारखा शंकूच्या आकाराचा पडदा नाही, लोहचुंबक नाही. मध्ये वरच्या सुरांसाठी एक उभे पॅनेल आणि दोन बाजूंना खर्जासाठी दोन मोठी पॅनेल आहेत. प्रत्येक पॅनेलमध्ये दोन सच्छिद्र, वाहक लेप दिलेल्या पत्र्यांच्या मध्ये अतिशय पातळ प्लॅस्टिकचा पडदा ताणून बसवलेला असतो. त्या पडद्यावर स्थिर विद्युतभार ठेवायचा आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर संगीताचा बदलता विद्युतदाब (व्होल्टेज) द्यायचा, म्हणजे पडदा मागेपुढे हलतो. खर्जाच्या पडद्यांना सुमारे ६,००० व्होल्ट आणि मधल्या पॅनेलला सुमारे १,५०० व्होल्ट लागतात. हा दाब घरच्या विजेवरून एक लहान ट्रान्सफॉर्मर आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) व कपॅसिटर (भार साठवणारे भाग) यांची पायऱ्यापायऱ्यांची साखळी मिळून तयार करतात. या साखळीला आम्ही कामात नुसते ‘मल्टिप्लायर’ म्हणतो.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या पुरवठ्याला दाब द्यायचा असतो, प्रवाह जवळजवळ द्यायचाच नसतो. पडदा एकदा भारला की निरोगी स्पीकरमध्ये तो भार फार सावकाश कमी होतो आणि मल्टिप्लायरचे काम फक्त ती तूट भरून काढण्याचे उरते. साध्या ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायशी याची तुलना केली की चुका होतात, कारण तिथे चार-पाच मायक्रोअँपिअरची गळती कोणी मोजतही नाही आणि इथे तीच गळती पडद्याचा दाब शेकडो व्होल्टने उतरवू शकते.

आकड्यांनी दाखवतो. हिशेब सोपा पडावा म्हणून समजा की ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्यावर ७५० व्होल्टचे शिखर मिळते, मल्टिप्लायरला चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा आहे. प्रत्येक पायरीवर शिखराच्या दुप्पट म्हणजे १,५०० व्होल्ट चढतात आणि चार पायऱ्यांवर ६,००० व्होल्ट होतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर अशा साखळीतून एक मायक्रोअँपिअर प्रवाह ओढला, तर टोकाचा दाब साधारण १०० व्होल्टने खाली येतो. दहा मायक्रोअँपिअर ओढला तर हजार व्होल्टने. सहा हजार व्होल्टला दहा मायक्रोअँपिअर म्हणजे सुमारे ६०० मेगओहमचा मार्ग. आपला नेहमीचा मल्टिमीटर असा मार्ग पाहून ‘जोडणीच नाही’ असे दाखवतो, कारण त्याची मोजणी चाळीस-पन्नास मेगओहमच्या आसपास संपते. मीटरला जे दिसत नाही ते स्पीकरला पुरेसे जड असते, आणि म्हणूनच मीटर लावून ‘सगळे भाग ठीक आहेत’ असा निर्वाळा देणाऱ्यांवर या कामात विसंबता येत नाही.

आवाजाशी याचा संबंध सरळ आहे. स्पीकरची संवेदनशीलता पडद्यावरच्या भाराच्या प्रमाणात असते. दाब ६,००० वरून ५,००० वर आला तर फक्त दीड डेसिबलचा फरक पडतो आणि तो पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. तो ४,२०० वर आला की तीन डेसिबलचा फरक पडतो आणि गायक मधून सरकून चांगल्या स्पीकरकडे जातो. आपण लिहिले आहे की आवाज उजवीकडे कलतो आणि बॅलन्सचा खटका बराच फिरवावा लागतो. त्यावरून मला वाटते की आपल्या डाव्या स्पीकरचा दाब चार हजारांच्या आसपास किंवा त्याखाली उतरला असावा. हा अंदाजच आहे, पण तपासणी कुठून सुरू करायची ते त्यातून कळते.

वयाने काय काय बिघडते, ते आता पाहू. आधीच्या काळातल्या नगांत डायोडच्या जागी सेलेनियमचे रेक्टिफायर आहेत. त्यांचा सरळ दिशेचा रोध वयाबरोबर वाढतो आणि उलट दिशेने ते गळू लागतात, त्यामुळे दाब कमी मिळतो आणि तो चढायलाही वेळ लागतो. नंतरच्या नगांत सिलिकॉन डायोड आहेत आणि ते सहसा टिकतात. जुने कपॅसिटर गळतात किंवा त्यांची क्षमता घटते, आणि क्षमता निम्मी झाली की वर सांगितलेली दाबाची घसरण दुप्पट होते. पडद्याकडे जाणाऱ्या मार्गातल्या मोठ्या मूल्याच्या कार्बन रेझिस्टरचा रोध वर्षानुवर्षे वर चढत जातो. त्याने अंतिम दाब फारसा बदलत नाही, पण भारायला लागणारा वेळ वाढतो. ज्या मेणासारख्या किंवा डांबरासारख्या लगद्यात मल्टिप्लायर बुडवलेला असतो, त्याला भेगा पडतात आणि भेगेत ओल शिरते. तारांवरचे आवरण कडक होऊन तडकते. यातले कोणतेही एक कारण आपल्या लक्षणांना पुरेल, आणि पॅनेलमधली गळतीही पुरेल. म्हणून ओळखीचा पहिला भाग दिसताच तो बदलून मोकळे होऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

तपासणीच्या आधी सुरक्षिततेचे सांगतो आणि ते कृपा करून वरवर वाचू नये. लोक ६,००० व्होल्टच्या आकड्याला घाबरतात. त्या बाजूला साठलेली ऊर्जा थोडी असते; झटका मात्र असा बसतो की हात मागे फेकला जातो आणि तो नेमका पॅनेलच्या पडद्यावर किंवा दुसऱ्या उघड्या जोडणीवर आदळतो. खरा जीवघेणा धोका दोन ठिकाणी असतो. एक, उच्चदाबाच्या ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वेटोळी, कारण एकीवर २३० व्होल्टची घरची वीज आहे आणि दुसरी काहीशे व्होल्टला बेधडक प्रवाह देऊ शकते. दुसरे, संगीताचा ट्रान्सफॉर्मर, कारण तो ॲम्प्लिफायरच्या वीस-तीस व्होल्टचे काही हजार व्होल्ट करतो. म्हणून आधी ॲम्प्लिफायरच्या तारा स्पीकरवरून काढाव्यात, मग प्लग भिंतीतून काढावा, आणि दहा मिनिटे थांबून मागचे झाकण उघडावे.

आत गेल्यावर साखळीची प्रत्येक पायरी रेझिस्टरमधून रिकामी करावी. मी एका लांब ॲक्रिलिकच्या दांडीच्या टोकाला दहा मेगओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून बसवले आहेत आणि दुसरे टोक मगरचिमट्याने चासीला, म्हणजे स्पीकरच्या धातूच्या सांगाड्याला, लावतो. स्क्रूड्रायव्हरने सरळ शॉर्ट करू नये, कारण त्या क्षणी डायोडमधून जाणारा झोत चांगले डायोडही मारतो. रिकामा केलेला कपॅसिटर काही वेळाने आपोआप थोडा भार परत दाखवतो, म्हणून हात घालायचा असेल तोवर शॉर्टची तार तशीच लावून ठेवावी. एक हात खिशात ठेवण्याची जुनी सवय इथे कामाची आहे. आपल्या जोडीला मूळ इंग्लंडची वायर असेल तर तिचे रंग आणि अर्थिंगची जोडणीही याच वेळी तपासून घ्या. तीन पिनचा प्लग आहे एवढ्यावरून अर्थ चासीपर्यंत पोहोचला आहे असे समजू नये.

आता पहिली चाचणी, जिला झाकण उघडावेही लागत नाही. दोन्ही स्पीकर रात्रभर विजेवर ठेवा. सकाळी मोनो केलेले एखादे सलग गाणे हलक्या आवाजात लावा, मग दोन्ही स्पीकरचे विजेचे प्लग एकदम काढा आणि ॲम्प्लिफायर चालूच ठेवा. दोन्ही वाजत राहतील, कारण पडद्यांवर भार शिल्लक आहे. घड्याळ घेऊन बसा आणि प्रत्येकाचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते लिहा. निरोगी जोडी काही मिनिटे नक्की वाजते, पण नेमका आकडा हवामानावर आणि घरावर अवलंबून असतो, म्हणून मी फक्त दोहोंतला फरक पाहतो. उजवा पाच मिनिटे टिकला आणि डावा चाळीस सेकंदांत गेला, तर डाव्यात गळती आहे हे नक्की. दोन्ही सारखेच टिकले आणि तरीही डावा मुळात हळू असेल, तर गळती नसून दाब तयार होण्यातच कमतरता आहे, म्हणजे संशय रेक्टिफायरवर आणि क्षमता घटलेल्या कपॅसिटरवर जातो. ही चाचणी मी प्रत्येक जोडीवर करतो आणि तिने मला अजून फसवलेले नाही.

दुसरी चाचणी अदलाबदलीची. डाव्याचा मल्टिप्लायर उजव्याच्या पॅनेलला आणि उजव्याचा डाव्याच्या पॅनेलला जोडून पाहायचा. दोष मल्टिप्लायरबरोबर गेला तर काम सोपे झाले. दोष पॅनेलजवळच राहिला तर पॅनेलच्या तारा एकेक करून सोडवायच्या आणि कोणती सोडवल्यावर बाकीच्यांचा आवाज वर येतो ते पाहायचे. मधल्या पॅनेलची गळतीही सगळ्यांना खाली ओढू शकते, कारण त्याचे १,५०० व्होल्ट त्याच साखळीच्या पहिल्या पायरीवरून घेतलेले असतात. नवे पॅनेल मागवायचा सल्ला या चाचणीनंतरच विचारात घ्यावा, त्याआधी नाही.

दाब प्रत्यक्ष मोजायचाच असेल तर मल्टिमीटर थेट लावू नका. तो जळेल, आणि जळला नाही तरी खोटे सांगेल. वरच्या उदाहरणातल्या साखळीचा अंतर्गत रोध १०० मेगओहमच्या घरात येतो. दहा मेगओहमचे मीटर लावले तर ६,००० च्या जागी साडेपाचशे व्होल्टच दिसतील आणि चांगला मल्टिप्लायर मेला असे वाटेल. एक गिगाओहमचा (हजार मेगओहमचा) हाय-व्होल्टेज प्रोब, म्हणजे उच्चदाब मोजण्यासाठी मीटरला जोडायची खास दांडी, लावला तर सुमारे ५,४५० दिसतील आणि तेवढी तूट प्रोबचीच आहे हे धरून चालावे लागेल. मी दोन्ही स्पीकर एकाच प्रोबने मोजतो आणि आकड्यांपेक्षा त्यांच्यातल्या अंतराकडे पाहतो.

इथवरचा क्रम एकदा सांगतो: आधी प्लग काढून ऐकणे, मग अदलाबदल, मग प्रोब, आणि त्यानंतरच भागांची खरेदी. आपल्या लक्षणांवरून, म्हणजे सावकाश भरणारा आवाज आणि पावसाळ्यात वाढणारी टिकटिक पाहता, मला मल्टिप्लायर आणि त्याभोवतीची ओल यांचा संशय अधिक आहे. तसे निघाले तर दोन्ही स्पीकरचे मल्टिप्लायर एकाच वेळी, एकाच खेपेच्या भागांनी नवे करावेत. एकाच बाजूचा नवा केला तर दोन बाजूंचा दाब पुन्हा जुळत नाही, आणि उरलेला जुना वर्षा-दोन वर्षांत त्याच वाटेने जातो. सरसकट सगळे बदलायला सांगणाऱ्या तंत्रज्ञाचे म्हणणे एवढ्यापुरते मला पटते. संगीताच्या ट्रान्सफॉर्मरला आणि त्याच्याभोवतीच्या भागांना मात्र, मोजून दोष सापडल्याशिवाय, मी हात लावत नाही.

भागांची निवड करताना डायोडपासून सुरुवात करू. बाजारात सहज मिळणारा १एन४००७ एक हजार व्होल्टचा असतो. आपल्या उदाहरणात प्रत्येक डायोडवर उलट दिशेने १,५०० व्होल्ट येतात, आणि वीज कंपनीचा दाब रात्री चढला की त्याहून जास्त. तो एकटा लावला तर आज चालेल आणि कधीतरी मरेल. मी तीन हजार व्होल्टचे हाय-व्होल्टेज डायोड वापरतो. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे, किमान दोन आणि शक्य तर तीन हजार व्होल्टचे घ्यावेत. छोटे निळे सिरॅमिक कपॅसिटर स्वस्त आणि आटोपशीर असतात, पण त्यांतल्या कित्येकांची क्षमता दाब चढला की बरीच घटते. कागदावरचे १० नॅनोफॅरड प्रत्यक्षात तीन-चार उरतात आणि आपण ज्यासाठी हे काम केले तीच घसरण परत येते. रेझिस्टरच्या बाबतीतही पुष्कळ जण फसतात. साध्या पाव वॉटच्या रेझिस्टरची दाबाची मर्यादा २५० व्होल्टच्या आसपास असते, त्याचे ओहम कितीही असोत. त्यामुळे उच्चदाबासाठीच बनवलेले लांब अंगाचे रेझिस्टर घ्यावेत, किंवा लहानांची पुरेशी लांब माळ करावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे भाग कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. मिळाले तरी छापील आकड्यावर न विसंबता प्रत्येक कपॅसिटर इन्सुलेशन टेस्टरवर तपासूनच मी बसवतो. तारेसाठी जाड सिलिकॉन आवरणाची दहा हजार व्होल्टची तार किंवा जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची उच्चदाबाची तार उत्तम.

पण भाग चांगले असणे हे अर्धेच काम आहे, आणि हे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या एका गृहस्थांची अशीच जोडी माझ्याकडे आली. मी नवे मल्टिप्लायर बांधले, मार्च महिन्यात पुण्याच्या कोरड्या हवेत दाब उत्तम मिळाला, आणि स्पीकर परत गेले. जुलैत त्यांचा फोन आला की दोन्ही पूर्वीपेक्षाही हळू वाजत आहेत. मी तिथे जाऊन बोर्ड उघडला. सोल्डरच्या डागांभोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून वापरतात त्या राळेसारख्या पदार्थाचा, फिकट तपकिरी थर राहिला होता. तो कोरडा असताना निरुपद्रवी होता आणि कोकणच्या हवेत ओल धरून चिकट झाला होता. खोलीत अंधार केल्यावर वरच्या पायरीच्या एका टोकदार डागाजवळ सुईच्या अग्राएवढा निळसर ठिपका दिसला आणि नाक जवळ नेल्यावर ओझोनचा तिखट वास आला. भाग सगळे नवे आणि निर्दोष होते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीनदा धुतला, तो टोकदार डाग पुन्हा वितळवून गोल केला, दिव्याखाली रात्रभर वाळवला आणि सिलिकॉनचे कोटिंग दिले. त्या जोडीने त्यानंतरचे पावसाळे नीट काढले.

तेव्हापासून माझ्या कामाची पद्धत ठरून गेली. उच्चदाबाच्या दोन जोडण्यांमध्ये शक्य तितके अंतर ठेवतो आणि शेवटच्या दोन पायऱ्यांच्या मधे बोर्डाला खाच पाडतो, म्हणजे पृष्ठभागावरून सरकणाऱ्या गळतीचा मार्ग लांबतो. सोल्डरचा प्रत्येक डाग उच्चदाबाच्या बाजूला मण्यासारखा गोल करतो आणि भागांचे पाय कापून टोके बाहेर ठेवत नाही. बोर्ड धुतल्यावर उघड्या बोटांनी धरत नाही, कारण घामाचा ठसा हीसुद्धा एक वाट आहे. कोटिंग देण्याआधी बोर्ड पूर्ण कोरडा असलाच पाहिजे. ओल आत कोंडली गेली तर कोटिंगने भलेच्या ऐवजी बुरेच होते. जुन्या मेणाच्या ठोकळ्यातून भाग उकरून काढत बसू नका. तो ठोकळा तसाच जपून ठेवा आणि नवा बोर्ड त्याच्या जागी वेगळा बसवा, म्हणजे पुढे कोणाला मूळ अवस्था हवी असेल तर ती हरवलेली नसेल.

नवा मल्टिप्लायर बसला की एक उलटी अडचण येते आणि तिच्याबद्दल फार कमी लोक सावध करतात. सेलेनियमच्या जागी सिलिकॉन आल्यावर दाब पूर्वीपेक्षा वाढतो. पन्नास वर्षे कमी दाबाची सवय झालेले पॅनेल पूर्ण दाबावर ठिणग्या टाकू शकते, आणि ठिणगीने पडद्याला पडलेले छिद्र भरून येत नाही. या स्पीकरमध्ये दाब स्थिर ठेवणारी व्यवस्था नाही. घरची वीज २३० ऐवजी २४५ व्होल्ट आली तर ६,००० चे सुमारे ६,४०० होतात. म्हणून मागच्या व्होल्टेज निवडीची जोडणी आधी सर्वांत वरच्या आकड्यावर, म्हणजे २५० च्या बाजूला ठेवावी, दोन-तीन दिवस तसेच वाजवावे, आणि गरज वाटली तरच खाली आणावे. ईएसएल-६३ हे १९८१ चे मॉडेल या बाबतीत वेगळे आहे आणि त्याच्या दुरुस्तीचा विचारही वेगळा करावा लागतो. इथले आकडे त्याला लावू नयेत.

आपण शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर वापरता हे वाचून मला काळजी वाटली. या स्पीकरला ३३ व्होल्टच्या शिखरापलीकडे देऊ नये. शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर आठ ओहमच्या हिशेबाने ४० व्होल्टच्या शिखरापर्यंत जातो. क्वाडचा स्वतःचा ३०३ हा ४५ वॉटचा ॲम्प्लिफायर त्याच हिशेबाने २७ च्या आत राहतो आणि म्हणून या स्पीकरशी तो सुखाने नांदतो. मधल्या पॅनेलचा मृत्यू सहसा वयाने होत नाही, असल्या एखाद्या क्षणाने होतो: सुई रेकॉर्डवर पडते, किंवा चालू ॲम्प्लिफायरची तार कोणी ओढतो. दुरुस्तीच्या खर्चात मधल्या पॅनेलसाठी संरक्षक क्लॅम्प बोर्डाची (मर्यादेपलीकडचा दाब अडवणाऱ्या बोर्डाची) तरतूद जरूर करा, आणि ॲम्प्लिफायर बदलता आला तर त्याहून बरे.

सगळे जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करताना खोलीत अंधार करा आणि संगीत न लावता पंधरा मिनिटे नुसते पाहा आणि ऐका. झाकणाच्या आत कुठे निळे दिसले किंवा सरसर ऐकू आली, तर लगेच बंद करून तो डाग शोधा. काही नसेल तर एक रात्र तसेच राहू द्या. पहिल्या तासाच्या ऐकण्यावरून निष्कर्ष काढू नका. पडद्यावरचा लेप जुना असेल तर भार सर्वदूर पसरायला दिवसभरही लागतो, आणि अशा वेळी घाईने पुन्हा उघडलेली चांगली दुरुस्ती मी पाहिली आहे.

ठाण्याच्या पावसाळ्याचे काय, हाही आपल्या प्रश्नाचाच भाग आहे. हे स्पीकर थोडीच वीज खातात आणि सतत विजेवर राहिले तर त्यांच्या आतली हवा किंचित उबदार राहते, म्हणून जून ते सप्टेंबर मी ते बंद करू देत नाही; फक्त विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढावा. भिंतीपासून दीड-दोन फूट आणि खिडकीच्या झोतापासून लांब ठेवावेत. पॅनेलवरचे धूळ अडवणारे पातळ आवरण फाटलेले आहे का तेही झाकण उघडाल तेव्हा पाहा, कारण तिथून शिरलेली धूळ ओल धरते आणि मग मल्टिप्लायर कितीही नवा असला तरी टिकटिक परत येते.

घरी करता येईल का, याचे उत्तर कामाच्या टप्प्यावर अवलंबून आहे. प्लग काढून ऐकण्याची चाचणी आपण आजच करू शकता. अदलाबदलीची चाचणी, उच्चदाबावर हात बसलेला कोणी शेजारी उभा असेल तरच करावी. बोर्ड बांधणे आणि पॅनेल उघडणे, आधी असे काम केले नसेल तर, कोणाकडे तरी सोपवावे. पहिल्या चाचणीचे दोन्ही वेळ, त्या दिवशीची हवा कोरडी होती की दमट, आणि विरताना आधी खर्ज गेला की वरचे सूर, एवढे लिहून पाठवलेत तर कोणत्या पॅनेलपासून सुरुवात करायची ते मी बऱ्याच खात्रीने सांगू शकेन.